बटण दाबणाऱ्यांचा इतिहास

कुठल्याही कंपनीत नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन उपदेश हमखास मिळतात. पहिला, "नीट समजून घेऊन काम कर." दुसरा, "लवकर कर." दोन्ही एकदम कसं करायचं हे मात्र कोणीच सांगत नाही. आपण बिचारे दुसरा उपदेश पाळतो, कारण पहिल्याचा हिशोब टाइमशीटमध्ये मांडता येत नाही.

हाच प्रश्न मला अलीकडे अगदी वेगळ्या ठिकाणी भेटला. माझी एक मावसबहीण ठाण्याला एका डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. मी तिला ताई म्हणतो. बारा वर्षं त्या मशीनच्या सहवासात काढल्यावर आता नव्या मुलामुलींना तयार करायचं काम तिच्या गळ्यात पडलंय. मध्ये एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, "अरे, येतात ती पोरं हुशार असतात. पण काही जण नुसती बटणं दाबतात, काय दाबतोय ते विचारलं की गप्प. आणि काही जण इतका विचार करत बसतात की बाहेर पेशंटची रांग लागते." मी विचारलं, "मग तुला यातले कुठले हवेत?" तर म्हणाली, "दोन्ही नकोत. विचार करतो म्हणून लवकर आटपतो, असा हवा."

पंगतीत जिलबी आली आणि विषय तिथेच थांबला. पण "विचार करतो म्हणून लवकर" हे डोक्यात राहिलं. मग काय, सवयीप्रमाणे इतिहासात घुसलो. दोन-तीन वीकेंड खर्ची पडले. पण जे हाती लागलं ते असं, की एमआरआयचा सगळा इतिहासच ताईच्या त्या एका वाक्यावर उभा आहे.

आधी अगदी थोडक्यात विज्ञान. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक हे एक चिमुकलं चुंबक. माणसाला मोठ्या चुंबकात झोपवलं की या चिमुकल्या चुंबकांची किंचित एका दिशेला ओढ तयार होते. मग रेडिओलहरीचा एक धक्का द्यायचा. ती हलतात आणि पुन्हा जागेवर येता येता स्वतःच रेडिओसंदेश सोडतात. वेगवेगळ्या पेशीजालातली केंद्रकं वेगवेगळ्या गतीने जागेवर येतात आणि त्या फरकातून चित्र बनतं. यातला "जागेवर येता येता" हा भाग लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या वाट पाहण्याचं आहे.

संदेश नेमका शरीराच्या कुठल्या भागातून आला हे कसं कळणार? याचं उत्तर पॉल लॉटरबर या रसायनशास्त्रज्ञाला १९७१ मध्ये सुचलं. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं न ठेवता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे थोडं थोडं वाढवत न्यायचं, म्हणजे प्रत्येक जागेची फ्रिक्वेन्सी वेगळी होते. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा लेख आला. त्यातलं चित्र कशाचं होतं? पाणी भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं! गंमत म्हणजे 'नेचर'ने तो लेख आधी परत पाठवला होता.

पहिला अख्खा माणूस आत गेला ३ जुलै १९७७ ला, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला. डॉ. रेमंड दमादियन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, लॅरी मिंकॉफ आणि मायकेल गोल्डस्मिथ, यांनी स्वतःच्या हाताने एक मशीन बांधलं होतं. नाव ठेवलं 'इंडॉमिटेबल', म्हणजे आपल्याकडे 'अजिंक्य' म्हणतात तसं. आधी दमादियन स्वतः आत बसले, पण संदेश काही मिळेना. अंगकाठी जरा भारदस्त असल्यामुळे असेल, असा निष्कर्ष निघाला. मग सडपातळ मिंकॉफचा नंबर लागला. या मशीनमध्ये एका वेळी शरीरातल्या एकाच बिंदूचं मोजमाप होई, त्यामुळे पुढच्या बिंदूसाठी माणसालाच थोडं सरकवावं लागे. असे १०६ बिंदू मोजले. वेळ लागला ४ तास ४५ मिनिटं. आणि हाती आलं छातीचं एक ओबडधोबड चित्र, तेही आधी रंगीत पेन्सिलींनी काढलेलं.

ही गोष्ट नेहमी 'पहिलं स्कॅन' म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात पहिले एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट दिसले. पेशंट सरकवणारे, आकडा टिपणारे, संदेश आला नाही तर का आला नाही यावर डोकं खाजवणारे. तिथे बटण दाबणारा आणि विचार करणारा हा एकच माणूस होता, कारण दुसरा कोणी नव्हताच!

पण पावणेपाच तासांत एक चित्र काढणारं मशीन दवाखान्यात काय कामाचं? पुढची झेप स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनची. जॉन मॅलार्ड, जेम्स हचिसन, बिल एडलस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांचं मशीन होतं जेमतेम ०.०४ टेस्लाचं. आजची नेहमीची मशीनं १.५ किंवा ३ टेस्लाची असतात, त्यावरून कल्पना करा. त्यांची अडचण अशी, की जिवंत माणूस श्वास घेतो, हलतो, आणि चित्राचा चिखल होतो. मोठं चुंबक घ्यायला पैसे कुठून आणणार? त्यांनी माहिती गोळा करायची पद्धतच बदलली. तिला 'स्पिन-वॉर्प' म्हणतात. ऑगस्ट १९८० मध्ये त्यांनी एका कॅन्सरच्या पेशंटचं स्कॅन केलं. त्यात छातीतली मूळ गाठ तर दिसलीच, शिवाय यकृतात आणि हाडांत पसरलेला आजारही दिसला. डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडलेलं ते पहिलं स्कॅन मानतात. आज जगातली बहुतेक मशीनं अजूनही त्याच पद्धतीच्या वंशातली आहेत.

आता आपल्या आवडीचा भाग, म्हणजे परफॉर्मन्स ट्यूनिंग.

स्पिन-वॉर्पमध्ये चित्र ओळी-ओळींनी भरतं. प्रत्येक ओळीसाठी एक धक्का द्यायचा, संदेश घ्यायचा, केंद्रकं बऱ्यापैकी जागेवर यायची वाट पाहायची, मग पुढचा धक्का. दोन धक्क्यांमधल्या वेळाला 'टीआर' म्हणतात. समजा टीआर २५०० मिलिसेकंद आहे आणि ओळी २५६. गुणाकार केला की येतात ६४० सेकंद, म्हणजे १० मिनिटं ४० सेकंद. एवढा वेळ पेशंटने मान हलवायची नाही! आणि हा झाला एक सिक्वेन्स. एका तपासणीत असे पाच-सहा असतात.

१९८५ मध्ये जर्मनीत ग्यॉटिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत येन्स फ्राम, आक्सेल हासे आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की आपण वाट नेमकी कशाची पाहतोय? पूर्ण ९० अंशांचा धक्का दिला तर सावरायला वेळ लागणारच. मग धक्काच लहान दिला तर? केंद्रकं थोडीशीच कलतात, बरंचसं चुंबकत्व शिल्लक राहतं आणि लगेच पुढचा धक्का देता येतो. या पद्धतीचं नाव 'फ्लॅश'. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, फ्रायबुर्गच्या युर्गेन हेनिग यांची 'रेअर' पद्धत प्रसिद्ध झाली. त्यांनी प्रश्न फिरवून विचारला: वाट पाहायचीच असेल, तर एका धक्क्यात एकच ओळ का भरायची? १६ भरू. झालं, १० मिनिटं ४० सेकंदांचे झाले ४० सेकंद.

दोन्ही शोधांत नवीन चुंबक नाही, मोठं मशीन नाही. "हा वेळ कुठे जातोय आणि का?" एवढा एकच प्रश्न आहे. वेग आला तो समजून घेतल्यामुळे.

पण फुकट काहीच मिळत नाही. 'फ्लॅश'च्या कुळातल्या सिक्वेन्सना धातूचं भयंकर वावडं. गुडघ्यात स्क्रू असेल तर त्याच्या भोवती मोठ्ठा काळा डाग. 'रेअर'च्या कुळातले धातूच्या बाबतीत बरेच सोशिक. पण तोच सोशिकपणा मेंदूत नडतो. मेंदूतल्या जुन्या बारीक रक्तस्रावात लोह साठलेलं असतं, आणि त्याची खूण ते पुसट करून टाकतात. म्हणून तिथे मुद्दाम पहिल्या कुळातला सिक्वेन्स जोडतात. गुडघ्यातला दोष मेंदूत गुण ठरतो! या गोष्टी समजलेल्या माणसाला प्रोटोकॉल पाठ करावा लागत नाही. उलट, नुसता प्रोटोकॉल पाठ असलेल्या माणसाला स्क्रूवाला गुडघा समोर आला की काय बदलायचं ते सुचत नाही.

आणि इथेच या इतिहासाला वळण लागतं. मशीन प्रयोगशाळेतून दवाखान्यात आलं. भारतात पहिलं मशीन १९८६ च्या सुमारास दिल्लीला 'इन्मास' या संरक्षण खात्याच्या संस्थेत बसलं. शास्त्रज्ञांच्या डोक्यातलं ज्ञान मेनूतल्या एका ओळीत बसलं: 'गुडघा, रूटीन'. आपल्याकडे लायब्ररी वापरतात ना, अगदी तसंच. आत काय आहे ते माहीत नसलं तरी फंक्शन कॉल करता येतं. चाललं तर चाललं. मग ते चालवणार कोण, आणि त्याला किती माहीत असायला हवं?

हा प्रश्न एमआरआयच्याही आधीचा. १८९५ मध्ये राँटगेनने एक्स-रे शोधल्यावर ती यंत्रं फोटोग्राफर, इलेक्ट्रिशियन, नर्स, जो सापडेल तो चालवत असे. प्रत्येकाचं आपलं एक 'सिक्रेट'. अमेरिकेत एड जर्मन नावाच्या गृहस्थांनी (आडनाव जर्मन, माणूस अमेरिकन!) यात शिस्त आणली. एक्स-रेचं चित्र चांगलं की वाईट हे त्यांनी चार गुणांत फोडून दाखवलं: काळेपणा, काळ्या-पांढऱ्यातला फरक, बारकावा आणि आकारातली विकृती. चित्र बिघडलं तर चारातलं काय बिघडलं ते ओळखा, आणि त्याचं कारण जिथे असेल तिथेच हात घाला. याला आपण डीबगिंग म्हणतो. १९२० मध्ये त्यांनी तंत्रज्ञांची संघटना उभी केली, त्यानंतर दोन वर्षांत परीक्षा आणि नोंदणी सुरू झाली. त्याच नोंदणी संस्थेने एमआरआयसाठी वेगळी परीक्षा सुरू केली ती १९९५ मध्ये, म्हणजे मिंकॉफ त्या चुंबकात बसल्यानंतर १८ वर्षांनी. आपल्याकडे रेडिओलॉजी तंत्रज्ञांसकट अशा सगळ्या व्यवसायांना देशपातळीवर एकाच छत्राखाली आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला. मशीन आधी पोचतं, ते चालवणाऱ्याचं शिक्षण मागाहून रांगत येतं.

ताईची शिकवायची पद्धत मी नंतर फोनवर सविस्तर विचारून घेतली. ती नव्या मुलांना पहिले काही दिवस कन्सोलला हात लावू देत नाही. बिघडलेली चित्रं दाखवते आणि विचारते, हे असं का झालं? डोक्याच्या चित्रात नाकाचा शेंडा मागच्या बाजूला उगवलाय. का? चौकट लहान घेतली, बाहेर राहिलेला भाग उलट्या बाजूने आत आला. मानेच्या मणक्यावर पुसट सावल्या आहेत. का? पेशंट आवंढे गिळतोय. अशा सावल्या एका ठरावीक दिशेलाच पसरतात, मग ती दिशा बदलून टाक, सावल्या मज्जारज्जूवरून हटतील. नवशिका काय करतो? तोच सिक्वेन्स तसाच पुन्हा लावतो. चार मिनिटं गेली, पेशंटने पुन्हा आवंढा गिळला, चित्र पुन्हा तसंच. किंवा सरासरीसाठीच्या फेऱ्या दुप्पट करतो. त्याने वेळ दुप्पट होतो पण चित्राचा स्वच्छपणा वाढतो फक्त ४१ टक्के, कारण हिशोब वर्गमुळाचा आहे. आणि जास्त वेळ म्हणजे हलायला जास्त संधी. म्हातारा पेशंट वेदनेने स्थिर राहूच शकत नसेल, तर पाच मिनिटांच्या सुंदर सिक्वेन्सपेक्षा दीड मिनिटाचा बरा सिक्वेन्स चांगला. विचार करायला अर्धं मिनिट लागलं आणि वाचली आठ मिनिटं!

क्रमही तसाच. पक्षाघाताची शंका असेल तर डिफ्यूजन आधी, कारण उत्तर तिथे आहे आणि पेशंट किती वेळ साथ देईल याचा भरवसा नाही. जाता जाता, हा डिफ्यूजन सिक्वेन्स बहुतेक वेळा ज्या पद्धतीने घेतात ती ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये मांडली. एकाच धक्क्यात अख्खं चित्र! तेव्हाच्या यंत्रांना ती पेलवत नव्हती, रोजच्या वापरात यायला दीडेक दशक गेलं. १९७८ मध्ये मॅन्सफील्ड स्वतःच्या नव्या मशीनमध्ये स्वतःच जाऊन उभे राहिले होते, हृदयाला धोका होऊ शकतो असा इशारा असताना. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं. दमादियन यांना वगळलं म्हणून त्यांच्या बाजूने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. असो, तो वेगळा लेख होईल.

अजून एक गोष्ट ताई सांगते, ती ऐकून मला थेट अ‍ॅमडाहलचा नियम आठवला. समजा एका पेशंटला अर्धा तास लागतो. त्यातलं प्रत्यक्ष स्कॅन १५ मिनिटं. कितीही भारी सॉफ्टवेअर आणून स्कॅन निम्म्या वेळात केलं तरी अर्ध्या तासातली साडेसात मिनिटंच वाचतात. उरलेली १५ मिनिटं कपडे बदलणं, फॉर्म भरणं, कॉइल बसवणं, घाबरलेल्या माणसाला धीर देणं यात जातात. पेशंटला आधीच सांगितलं, की ठाकठोक आवाज येणार, ते नॉर्मल आहे, हातातला फुगा दाबला की मी लगेच बोलेन, तर तो मधेच "बाहेर काढा" म्हणून ओरडत नाही. ही दोन मिनिटं वाचवणारा माणूस पुढे वीस घालवतो.

आता जरा गंभीर. कारण या धंद्यात 'विचार न करणं' म्हणजे फक्त खराब चित्र नव्हे.

जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांचा एक मुलगा स्कॅनसाठी आत होता. ऑक्सिजनची गरज पडली, कोणीतरी घाईत लोखंडी सिलिंडर खोलीत आणलं, चुंबकाने ते खेचलं आणि मुलगा दगावला. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने नियमावली काढली: चार झोन, आणि कुठल्या झोनमध्ये कोणी, काय घेऊन जायचं याचे नियम. पण नियम कागदावर असतात. २७ जानेवारी २०१८ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात आपल्या नातेवाइकाला सोबत म्हणून आलेल्या ३२ वर्षांच्या तरुणाचा जीव असाच गेला. हातात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. मशीन बंद आहे असं सांगितलं गेलं होतं, असं घरच्यांनी तेव्हा सांगितलं.

'मशीन बंद आहे.' या तीन शब्दांवर थांबा जरा. एमआरआयचं चुंबक बंद नसतं. द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना, त्या वेटोळ्यांतून वीज अखंड फिरत असते. स्कॅन चालू नसतानाही, रात्री दोन वाजताही, आणि खोलीतले दिवे गेले तरीही. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ३० हजार पट. हे भौतिकशास्त्र वॉर्डबॉयपासून सफाई कामगारापर्यंत प्रत्येकाला माहीत असायला हवं. पाठ केलेला नियम "धातू आत न्यायचा नाही" हा घाईच्या वेळी "आत्ता चालू नाहीये ना, मग चालेल" असा वाकतो. पण 'का' माहीत असलेला माणूस तो वाकू देत नाही. ताई म्हणते, "माझ्याकडची पोरं बाकी काही विसरली तरी चालेल, हे विसरायचं नाही."

पुढे काय? वेगाची शर्यत चालूच आहे. १९९७ आणि १९९९ मध्ये एकाच वेळी अनेक कॉइल वापरून ओळी गाळायच्या युक्त्या आल्या. २००७ मध्ये मायकेल लस्टिग आणि सहकाऱ्यांनी, आपल्या जेपेगला चित्र दाबता येतं तर मुळात कमीच माहिती का गोळा करू नये, हा विचार एमआरआयमध्ये आणला. २०१८ पासून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि फेसबुक यांनी मिळून थोड्या माहितीवरून न्यूरल नेटवर्कने पूर्ण चित्र बांधायचा प्रकल्प चालवला, आणि आता असं सॉफ्टवेअर मशीनसोबतच येतं. गाळलेल्या ओळी नेटवर्क भरून काढतं, चित्र छान गुळगुळीत येतं.

आणि नेमकं हेच ताईला टोचतं. "पूर्वी चित्र बिघडलं की दिसायचं रे. आता बिघडलेलंसुद्धा सुंदर दिसतं. मग पोरांना शंका कशी येणार?"

आपल्या धंद्यातही आता हेच होतंय ना? कोड आपोआप लिहून मिळतो, पहिल्या झटक्यात चालतो, दिसायलाही नीटनेटका असतो. १०६ बिंदू एकेक करून मोजणाऱ्या माणसाला प्रत्येक बिंदू कुठून आला ते माहीत होतं. आपल्याला तेवढं माहीत असणं शक्य नाही, गरजही नाही. पण समोरचं उत्तर चुकीचं असेल तर ते कसं दिसेल, एवढं तरी नव्या माणसाला शिकवायला हवं. त्याला लागणारा वेळ टाइमशीटमध्ये कुठल्या रकान्यात टाकायचा, तेवढं आपल्या मॅनेजर लोकांनी ठरवावं.

आणि हो, कधी एमआरआय काढायची वेळ आलीच, तर फॉर्म भरून घेणारी व्यक्ती जे दहा कंटाळवाणे प्रश्न विचारते त्यांची खरी उत्तरं द्या. पेसमेकर आहे का, ऑपरेशन झालंय का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. कंटाळून "नाही, नाही, नाही" म्हणू नका. ती बटण दाबायच्या आधी विचार करतेय.